आधी नमुना, मग औषध

महोदय,
कोंबड्या पटापट मरू लागल्या की लगेच पाण्यात अँटिबायोटिक मिसळायचे, ही सवय मोडायला हवी. रोग मानमोडीचा (राणीखेतचा) निघाला तर हे औषध त्या विषाणूचे काहीच बिघडवत नाही. कोंबड्यांचा कॉलरा असेल तर औषधामुळे त्याचा जिवाणू तपासणीसाठी प्रयोगशाळेत वाढवणे अवघड होऊन बसते. नुकसान दोन्हीकडून!

कॉलऱ्यात चांगल्या खात्यापित्या कोंबड्या सकाळी मरून पडलेल्या दिसतात. रोग रेंगाळला तर चोचीखालचे लोंबते मांस सुजते. शवविच्छेदनात यकृतावर टाचणीच्या टोकाएवढे पांढरट ठिपके आणि हृदयावरच्या चरबीत रक्ताचे बारीक डाग आढळतात. पण एवढ्यावर निदान पक्के करू नये. यकृतावर असे ठिपके कोंबड्यांच्या टायफॉइडमध्येही येतात. रक्ताची काचपट्टी रंगवून पाहिली की दोन्ही टोकांना गडद दिसणारे पाश्चुरेला, म्हणजे कॉलऱ्याचे जिवाणू, संशय बळकट करतात, आणि ते प्रयोगशाळेत वाढवले की खात्री होते. कोणते औषध लागू पडेल, हेही तिथेच कळते.

म्हणून औषध सुरू करण्याआधी नुकतीच मेलेली कोंबडी दुहेरी पिशवीत बांधून बर्फावर ठेवून, पण न गोठवता, त्याच दिवशी तपासणीला पाठवावी, ही सर्व कुक्कुटपालकांना कळकळीची विनंती.

— एक पशुवैद्यक