लेहला निघण्याआधी

नाशिक,
१२ मे

प्रिय मनू,

तू पाठवलेला लडाखचा कार्यक्रम वाचला. पहिल्या दिवशी विमानाने लेह, दुसऱ्या दिवशी पँगाँगला मुक्काम, मग परत लेह आणि शेवटी नुब्रा. हा क्रम बदलून घे. फोनवर तू म्हणालीस, "आई, मी कळसूबाई न थांबता चढते, मला काय होणार आहे?" तुझ्या दमसासाबद्दल मला शंका नाही. पण लेहला ज्या गोष्टीची परीक्षा होते, ती कळसूबाईवर होतच नाही. हे फोनवर धड सांगता येईना, म्हणून लिहायला बसले.

फुप्फुसांना स्वतःचे असे हवा ओढणारे स्नायू नसतात. छाती आणि पोट यांच्या मधलं श्वासपटल आकुंचन पावून खाली सरकतं, फासळ्यांमधले स्नायू फासळ्या वर उचलतात, छातीची पोकळी वाढते आणि आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमी होतो. तेवढ्यावर बाहेरची हवा आत येते. शांत बसलेलं असताना एका श्वासात साधारण ५०० मिलिलिटर हवा येते. त्यातली १५० मिलिलिटर नाक, घसा आणि श्वासनलिकांमध्येच राहते आणि तशीच परत जाते. बाकीची ३० कोटींहून जास्त वायुकोशांपर्यंत पोचते. या सगळ्यांचं मिळून क्षेत्रफळ होतं सुमारे ७० चौरस मीटर. वायुकोशातली हवा आणि त्याला लगटून वाहणारं रक्त यांच्यामध्ये असतो एक मायक्रॉनपेक्षाही, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही, पातळ पडदा. इतकी वर्षं वर्गात हे शिकवलं, तरी या पडद्याबद्दल सांगताना दर वेळी मला नवल वाटायचं.

या पडद्यातून ऑक्सिजन पलीकडे जातो तो केवळ दाबाच्या फरकामुळे. शरीर त्याला ओढत नाही की ढकलत नाही. 'उंचावर ऑक्सिजन कमी असतो' असं आपण म्हणतो, पण हवेतलं त्याचं प्रमाण लेहलाही मुंबईइतकंच असतं, जवळपास २१ टक्के. उतरतो तो हवेचाच दाब. समुद्रसपाटीला पाऱ्याचे ७६० मिलिमीटर, तर लेहला, ३,५०० मीटरवर, ५०० च्या आसपास. आत जाता जाता हवेत पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड मिसळतात. त्यामुळे मुंबईत वायुकोशात ऑक्सिजनचा दाब १०० असेल, तर लेहच्या विमानतळावर तो जेमतेम ५० च्या घरात असतो.

आता तुझा कळसूबाई. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, पण १,६४६ मीटरच. तिथे वायुकोशातला दाब ७० च्या वरच राहतो आणि तेवढ्यात हिमोग्लोबिन जवळजवळ पूर्ण भरतं. दाब ६० च्या खाली गेला, की मात्र त्याची ऑक्सिजन धरून ठेवण्याची क्षमता झपाट्याने घसरते. सह्याद्रीत तू कितीही चढलीस तरी शरीराला या घसरणीची गाठच पडलेली नाही. ट्रेकिंगने पाय आणि हृदय तयार होतात. उंचीची सवय शरीर उंचीवर राहूनच करून घेतं, आणि त्याला दिवस लागतात.

ते दिवस कशाला लागतात, हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. एरवी आपला श्वास चालतो तो मुख्यतः कार्बन डायऑक्साइडच्या हिशेबावर. तो वाढला की रक्ताची आम्लता वाढते, मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेला ते कळतं आणि श्वास वाढतो. ऑक्सिजनची राखण करायला मानेत, मेंदूकडे जाणाऱ्या धमन्यांपाशी, दोन्ही बाजूंना तांदळाच्या दाण्याएवढे पिंड असतात. श्वासावरच्या अशाच नियंत्रणाचा शोध लावल्याबद्दल बेल्जियमच्या कॉर्नेय हेमान्स यांना १९३८ सालचं नोबेल मिळालं. सखल भागात या पिंडांना फारसं काम नसतं. लेहला उतरल्याबरोबर ते मेंदूला श्वास वाढवायला सांगतात. श्वास वाढतो, पण त्याबरोबर कार्बन डायऑक्साइडही भराभर बाहेर जातो, रक्ताची आम्लता कमी होते आणि लंबमज्जा म्हणते, पुरे, आता कमी कर. दोन्ही आपापल्या जागी बरोबरच असतात, आणि पहिले काही दिवस तुझा श्वास या दोघांच्या मधे अडकलेला असतो.

रात्री हे जास्त जाणवेल. झोपेत आधी खोल श्वास, मग उथळ, मग काही सेकंद श्वासच नाही, आणि मग दचकून जाग. शेजारी झोपलेल्या मैत्रिणीचं असं झालं तर घाबरू नका, तिथे नव्याने आलेल्या अनेकांचं होतं. मात्र झोपेची गोळी घेऊ नको आणि दारूला कुणीच हात लावू नका. दोन्हींनी श्वास आणखी मंदावतो.

यातून वाट काढतात मूत्रपिंडं. दोन-चार दिवसांत ती आम्लता कमी करणारं बायकार्बोनेट लघवीवाटे बाहेर टाकून आम्लता पुन्हा जागेवर आणू लागतात, लंबमज्जेचा अडसर कमी होतो आणि श्वास मोकळेपणाने वाढू शकतो. रक्तातल्या ऑक्सिजन वाहणाऱ्या तांबड्या पेशी वाढायला तर आठवडे लागतात, तुझ्या आठ दिवसांच्या सहलीत त्यांचा उपयोग नाही. म्हणून पहिले दोन दिवस लेहमध्येच राहा. गडावर जाऊ नका, बाजारात सावकाश फिरा, लवकर झोपा.

आपल्याकडे हे ज्ञान फार मोठी किंमत मोजून आलं आहे. १९६२ च्या चीन युद्धात आणि त्यानंतर सखल भागातले जवान एकाएकी हिमालयात न्यावे लागले. तरुण, धडधाकट माणसं, आणि तरीही आजारी पडली. लष्करातले डॉक्टर इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा १,९२५ जवानांच्या नोंदींवरून १९६९ मध्ये लिहिलेला निबंध जगभर वाचला गेला. आपण व्यायाम करतो म्हणून सुटू असं वाटलं, की त्या जवानांना आठव.

डोकं दुखणं, मळमळ, भूक न लागणं एवढंच असेल तर आहात त्याच उंचीवर थांबायचं, बरं वाटेपर्यंत वर जायचं नाही. खरी भीती फुप्फुसात पाणी होण्याची. फुप्फुसाच्या एखाद्या भागात हवा पोचेनाशी झाली, कफ दाटला समज, तर तिथल्या रक्तवाहिन्या आक्रसतात आणि रक्त चांगल्या भागाकडे वळतं. ही सोय फार शहाणपणाची आहे. पण उंचावर सगळ्याच फुप्फुसात ऑक्सिजन कमी, त्यामुळे जागोजागी वाहिन्या आक्रसतात, उरलेल्यांत दाब वाढतो, तो पातळ पडदा तो सोसू शकत नाही आणि पाणी वायुकोशात झिरपतं. बहुधा दुसऱ्या ते चौथ्या रात्री. आधी कोरडा खोकला आणि नेहमीपेक्षा जास्त थकवा, मग बसल्या जागी धाप, ओठ निळसर. अशा वेळी सकाळची वाट पाहायची नाही. ऑक्सिजन लावून लगेच खाली उतरायचं. कुणी चालताना झोकांड्या खाऊ लागलं किंवा असंबद्ध बोलू लागलं, तरी हेच.

करोनाच्या वेळचं ऑक्सिमीटर घेऊन जा. तेव्हा आपण ९४ च्या खाली आकडा गेला की हादरायचो. लेहला पहिल्या दिवशी ८८-९० दिसेल आणि तू बरी असशील. नुसत्या आकड्यापेक्षा इतरांच्या तुलनेत तो किती खाली आहे आणि विश्रांतीत धाप लागते का, हे पाहा.

आता कार्यक्रमाचं. पँगाँगचा मुक्काम ४,२०० मीटरच्या वर आहे. ३,००० मीटरच्या पुढे झोपायची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये असं सांगतात, आणि तुम्ही तर विमानाने थेट लेहला उतरून दुसऱ्याच रात्री आणखी ७०० मीटर वर झोपणार. नुब्रातलं दिस्कित, हुंडर लेहपेक्षाही खाली आहे. वाटेत 'खारदुंग ला' ही खिंड लागते, ५,३५९ मीटरवर, तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्माच. पण तिथे फोटो काढून पंधरा-वीस मिनिटांत उतरायचं असतं, झोपायचं नसतं. तेव्हा दोन रात्री लेह, मग नुब्रा, आणि पँगाँग सगळ्यांत शेवटी. सहल कंपनीला आजच कळव. ते तयार नसतील तर पँगाँगचा मुक्काम सोडा.

उंचीचा त्रास होऊ नये म्हणून देतात ती डायमॉक्सची गोळी घ्यायची की नाही हे आपल्या डॉक्टरांना विचारून ठरव. मूत्रपिंडाचं जे काम सांगितलं, त्यालाच ती गोळी वेग देते. पण ती सल्फा वर्गातली आहे. लहानपणी सल्फाच्या औषधाने तुझ्या अंगावर पुरळ उठलं होतं. तुला आठवत नसेल, पण डॉक्टरांना आधी हे सांग आणि मगच चिठ्ठी घे.

तुझी,
आई