चार दिवसांचा विसावा कुठे मिळेल?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जागतिक स्किझोफ्रेनिया दिनानिमित्त (२४ मे) आपल्या दैनिकात आलेला लेख वाचला. आजार लवकर ओळखा, औषधं मध्येच सोडू नका, रुग्णाला हिणवू नका, सगळं पटलं. शेवटी एक वाक्य होतं, 'कुटुंबीयांचा आधार महत्त्वाचा.' त्या कुटुंबीयांपैकी मी एक. वय ६८, निवृत्त शिक्षिका. मुलगा ४१ वर्षांचा, बाविसाव्या वर्षापासून आजारी. यजमान चार वर्षांपूर्वी गेले, मुलगी सासरी, परगावी.

माझ्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकलाय. शस्त्रक्रियेची तारीख तीनदा घेतली, तीनदा रद्द केली. तसं काम अर्ध्या तासाचं. पण पुढचे काही दिवस वाकायचं नाही, शेगडीपुढे उभं राहायचं नाही, वेळेवर थेंब घालायचे. आणि रात्री साडेनऊला त्याला गोळ्या कोण देणार? तो त्या माझ्याच हातून घेतो. घेतो म्हणजे काय, तर पाण्याचा घोट झाला की मी 'आ कर' म्हणते, मग 'जीभ वर'. एवढा दाढीवाला माणूस मुकाट्याने जीभ वर करतो आणि मी बॅटरी मारून बघते. लाज दोघांनाही वाटते, बोलत कुणीच नाही. एका दिवाळीत त्याने आठ दिवस गोळ्या गालात धरून बेसिनमध्ये थुंकल्या होत्या आणि मग शेजाऱ्यांनी भिंतीत यंत्र बसवलंय म्हणत मध्यरात्री प्लास्टर खरवडायला बसला होता. बॅटरी तेव्हापासूनची.

चार दिवस त्याला कुठे ठेवता येईल म्हणून फोन केले. एक खासगी पुनर्वसन केंद्र महिन्याच्या आत कुणाला घेत नाही. त्यांची अनामत रक्कम ऐकून मी फोन ठेवला. वृद्धाश्रमवाले म्हणाले, तुम्ही या, मुलाला नको. सरकारी मनोरुग्णालयं राज्यात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला. पण तो सध्या शांत आहे, त्याला तिथे दाखल कशाला करायचं? आईच्या डोळ्यासाठी? 'टेलिमानस' या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वरही एका रात्री बोलले. पलीकडची मुलगी मराठीत, फार आपुलकीने बोलली. पण फोन काही मुलगा सांभाळू शकत नाही.

गंमत म्हणजे कायद्यात हे सगळं आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७चा, लागू झाला २९ मे २०१८ रोजी. त्याच्या कलम १८मध्ये अर्धवाट गृहं (रुग्णालय आणि घर यांच्या मधला मुक्काम, 'हाफवे होम'), आधार असलेली निवासस्थानं आणि रुग्णाच्या कुटुंबाला आधार देणाऱ्या सेवा पुरवणं ही सरकारची जबाबदारी म्हणून लिहिलेली आहे. बरे झालेले रुग्ण भिक्षेकरी गृहांत आणि वृद्धाश्रमांत हलवले म्हणून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपल्याच राज्याला सुनावलं होतं. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व यांच्यासाठी राष्ट्रीय न्यासाचा १९९९चा कायदा आहे आणि त्याखाली तात्पुरत्या निवासाची 'समर्थ' योजना आहे. त्या आईवडिलांना ती मिळते याचा आनंदच आहे. आमचा आजार त्या कायद्यात बसत नाही. दिव्यांगांच्या २०१६च्या कायद्यात मात्र बसतो, म्हणून प्रमाणपत्र काढायला गेलो, तर टेबलापलीकडचे गृहस्थ त्याच्याकडे बघून म्हणाले, 'हा तर धडधाकट दिसतोय.' प्राप्तिकरात वजावट आहे म्हणतात. असेलही, ती घ्यायला आधी कर भरण्याइतकं उत्पन्न हवं.

आमच्या स्वमदत गटात रुग्णाला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. शब्द मला आवडतात. पण परवाच्या बैठकीत आम्ही अकरा शुभंकर होतो, त्यातल्या सात जणांनी स्वतःची कुठली ना कुठली तपासणी पुढे ढकललेली. एक जोडपं सतरा वर्षांत एकाही लग्नाला बरोबर गेलेलं नाही. मांडव एकाने बघायचा, दुसऱ्याने घर राखायचं. नातेवाईक आधी विचारतात, मग विचारायचे थांबतात. त्यांचंही चुकत नाही, त्यांना काय करायचं ते कुणी शिकवलेलंच नसतं.

मोठी इमारत, उद्घाटन, फलक यांतलं काही नको. जिल्हा रुग्णालयाच्या आवारात चार खाटा, आधी नाव नोंदवून वर्षातून पंधरा दिवस वापरता येतील अशा. मनोरुग्णालयाचा वॉर्ड नको. दार उघडं असावं, सकाळी चहा, संध्याकाळी कॅरम. पहिल्यांदा एकच दिवस ठेवून बघू, म्हणजे मुलांनाही सवय होईल. पैसे ऐपतीप्रमाणे आम्ही देऊ. आणि रात्रपाळीला जी परिचारिका असेल, तिच्याजवळ एक बॅटरी द्या.

आपली,
एक वाचक, सातारा