बाबांच्या प्रश्नांची उत्तरं, आणि थोडं आईसाठी

कासारवडवली, ठाणे

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, रविवारी फोनवर तुम्ही आमच्या टोयोटा हायरायडर हायब्रिड गाडीबद्दल एकामागून एक प्रश्न विचारलेत आणि मध्येच तुम्हाला नीट ऐकू येईना, म्हणून सगळं कागदावर लिहिते आहे. लिहिलेलं तुम्ही दोनदा वाचाल, पटणार नाही तिथे पेन्सिलने खूण कराल. मला तेच हवं आहे. एसटीच्या वर्कशॉपमध्ये उभी हयात काढलेल्या माणसाला 'नवीन तंत्र आहे, चांगलं आहे' एवढ्यावर गप्प करता येत नाही, आणि मला तसं करायचंही नाही.

तुमचा सगळ्यात मोठा आक्षेप असा, की एकाच गाडीत पेट्रोलचं इंजिनही आणि विजेची मोटरही, म्हणजे बिघडायला दोन वस्तू. गाडी घेण्याआधी माझ्याही मनात हेच होतं. पण या गाडीत काय काय नाही ते आधी बघा. क्लच प्लेट नाही. वेगळा स्टार्टर नाही. डायनॅमो नाही, त्यामुळे त्याचा पट्टाही नाही. एसीचा कॉम्प्रेसरसुद्धा विजेवर चालतो. तुम्ही आयुष्यभर ज्या वस्तू उघडून बसवल्यात, त्यातल्या निम्म्या इथे मुळातच नाहीत.

आतली रचना तुम्हाला एका वाक्यात कळेल: डिफरन्शियल डोळ्यांपुढे आणा. तिथे एका शाफ्टची ताकद दोन चाकांत वाटली जाते. इथे तशाच जातीच्या प्लॅनेटरी गिअरमध्ये (मधल्या गिअरभोवती छोटे गिअर फिरतात तो संच) इंजिनची ताकद दोन वाटांनी जाते. इंजिन प्लॅनेट कॅरिअरला, म्हणजे छोटे गिअर धरणाऱ्या चौकटीला जोडलेलं, मधल्या सन गिअरला एक मोटर-जनरेटर, आणि बाहेरच्या रिंग गिअरकडून चाकांना गती. दुसरी मोठी मोटर चाकांच्या बाजूला मदतीला. सगळे गिअर कायम एकमेकांत गुंतलेले असतात, कुठलाच आत-बाहेर सरकत नाही. कागदोपत्री याला ई-सीव्हीटी म्हणतात, पण साध्या सीव्हीटीत (टप्प्यांशिवाय सलग बदलणाऱ्या गिअरबॉक्समध्ये) असतो तसा पट्टा आणि पुली यात नाही. टोयोटाने १९९७ मध्ये जपानमध्ये प्रियस आणली तेव्हापासून ही मूळ कल्पना तीच आहे. म्हणजे कुणी कालपरवा जुळवलेलं यंत्र नव्हे.

आता इंजिनाबद्दल. आमची हायरायडर आणि मारुतीची ग्रँड व्हिटारा या सख्ख्या बहिणी, दोन्ही २०२२ मध्ये आल्या, दोन्ही बंगळूरजवळच्या बिडदीला बनतात. १४९० सीसी, तीन सिलिंडर, पेट्रोल. एकट्या इंजिनाची ताकद ९२ पीएसच्या (म्हणजे अश्वशक्तीच्या) आसपास, मोटरची ८०, आणि दोन्ही मिळून साधारण ११६. बेरीज जुळत नाही असं तुम्ही म्हणालच. दोघांची कमाल ताकद एकाच क्षणी चाकांपर्यंत पोचत नाही, म्हणून ती सरळ बेरीज होत नाही. इंजिन अ‍ॅटकिन्सन सायकलवर चालतं. हवा आत घेणारा इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो, त्यामुळे आत घेतलेली थोडी हवा परत जाते, कॉम्प्रेशन कमी पण फैलाव पूर्ण मिळतो. पेट्रोलचा थेंब जास्त काम करतो, मात्र खालच्या वेगात इंजिन मवाळ होतं. तो मवाळपणा मोटर भरून काढते, कारण तिचा १४१ न्यूटन-मीटरचा जोर शून्यापासूनच मिळतो. सिग्नल सुटला की गाडी आवाज न करता झटकन निघते. तुमच्या भाषेत, पिकअपला तक्रार नाही.

पण वेगात ओव्हरटेक करायला पाय जोरात दाबला, की इंजिन एकदम वरच्या आरपीएमवर जाऊन गुरगुरतं आणि गाडीचा वेग त्या मानाने सावकाश वाढतो. चढावर हे जास्त जाणवतं. ही जोरात पळवायची गाडी नाही. मला तशी नकोच होती.

मला हवी होती ती घोडबंदर रोडसाठी. इथे काय चाललंय ते मागच्या खेपेला तुम्ही पाहिलंतच. मेट्रोचे खांब, सर्व्हिस रोडची खोदाखोदी, वाघबीळ, पातलीपाडा, मानपाडा, कापूरबावडी, प्रत्येक नाक्यावर थांबा. तिथून माजिवडा, कळव्याचा पूल, विटावा, आणि मग ऐरोलीचं ऑफिस. जुन्या गाडीत डाव्या पायाला विश्रांती नसायची आणि नुसतं उभं राहून पेट्रोल जळायचं. हिचं उलट आहे. जिथे गाड्या मुंगीच्या पावलाने सरकतात तिथे इंजिन बहुतेक वेळ बंदच असतं. गाडी मोटरवर सरकते, एसी चालूच राहतो, आणि ब्रेक दाबला की मोटर उलटी जनरेटर होऊन बॅटरी भरते. आधी जी ताकद ब्रेक पॅड तापवण्यात वाया जायची, ती आता पुढच्या वीस-पंचवीस मीटरांसाठी साठते. म्हणूनच ही गाडी हायवेपेक्षा शहरात जास्त वाचवते.

अ‍ॅव्हरेजचा कागदावरचा आकडा २७.९७ आहे. तो चाचणीतला. मला ऑफिसच्या रस्त्यावर बावीस ते चोवीस मिळतं. हायवेवर शंभरच्या पुढे ठेवली तर विशीच्या आसपास येतं, कारण तिथे मोटरला करण्यासारखं काम थोडं उरतं. कुणी रोज नुसता एक्सप्रेसवे करत असेल, तर त्याला मी एवढे पैसे घालायला सांगणार नाही.

तुम्ही म्हणालात डिझेल घ्यायला हवी होती. बाबा, बीएस-६, म्हणजे प्रदूषणाच्या नव्या नियमांतल्या डिझेल गाडीच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो जळून साफ व्हायला गाडी बराच वेळ सलग, वेगात चालावी लागते. माझ्यासारखी रोज थांबत-थांबत चालवली तर तो चोंदतो आणि वर्कशॉपच्या वाऱ्या सुरू होतात. आणि पूर्ण इलेक्ट्रिक घ्यायची, तर आमच्या सोसायटीत माझ्या पार्किंगपर्यंत चार्जिंगची लाइन अजून आलेली नाही. हिला प्लग लावावा लागत नाही, ती स्वतःच बॅटरी भरते. दोन्हींमधला हा माझ्या आजच्या परिस्थितीला बसणारा मार्ग आहे.

बॅटरीची भीती तुम्ही दोनदा बोलून दाखवलीत. तिच्यात पाऊण युनिटच्या आसपास वीज मावते, म्हणजे ती अगदी लहान आहे. नुसत्या तिच्यावर गाडी किलोमीटर-दोन किलोमीटर जाईल. ती कधी काठोकाठ भरत नाहीत आणि पूर्ण रिकामीही होऊ देत नाहीत, आणि तिचं आयुष्य त्यातच आहे. कंपनीची हमी ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर, जे आधी होईल ते. एकच विनंती: बॉनेट उघडाल तेव्हा नारिंगी रंगाच्या जाड तारा दिसतील, त्यांना हात लावू नका आणि नाक्यावरच्या आपल्या मेस्त्रींनाही लावू देऊ नका. त्यात पावणेदोनशे व्होल्ट आणि त्याहून जास्त दाब असतो. बाकी ऑइल, कूलंट, टायर तुम्ही हक्काने बघा.

घाटाचं सांगते, कारण तिथे तुमचा जीव अडकतो. कशेडीला आता बोगदा आहे, पण परशुराम घाटाचा उतार आहेच. गिअरच्या दांड्यावर 'बी' असतं. उतारावर तिथे टाकलं की इंजिन ब्रेकिंग मिळतं, म्हणजे इंजिनच गाडीला आवरतं. लांब उतारावर छोटी बॅटरी तिच्या मर्यादेपर्यंत लगेच भरते, मग ती आणखी घेऊ शकत नाही, तेव्हा हे 'बी'च कामाला येतं. चारही चाकांना डिस्क ब्रेक आहेत. न्यूट्रलवर उतरायचं नाही हा तुमचा नियम मी इथेही पाळते. पावसाळ्यात विटाव्याच्या पुलाखाली पाणी साचलं की मी मुलुंडकडून ऐरोली पुलावरून जाते. गाडी उंच आहे म्हणून पाण्यात घालत नाही.

आई, आता तुझ्यासाठी. तुझ्या गुडघ्यांना खाली वाकून बसावं लागणार नाही. सीट कमरेच्या उंचीला आहे, आधी टेकायचं आणि मग पाय आत घ्यायचे. उतरताना पाय थेट जमिनीला लागतो. पुढच्या सीटमधून गार हवा येते, पाठ घामाने भिजत नाही. मागे बसलीस तरी पाठ थोडी मागे करता येते. आणि तुला गाडी लागते ती बरीचशी गिअर बदलतानाच्या हिसक्यांनी आणि डिझेलच्या वासाने, असं मला नेहमी वाटत आलंय. इथे हिसका नाही, वास नाही. सासूबाईंनाही लागायची, त्या आता ठाण्याहून नाशिकपर्यंत खिडकी बंद ठेवून येतात. छतावरच्या मोठ्या काचेचं तुला कौतुक वाटेल, मला मात्र एप्रिल-मेमध्ये ती झाकूनच ठेवावी लागते. चारही बाजूंचे कॅमेरे आहेत ते जास्त उपयोगाचे. आमच्या पार्किंगच्या खांबांमध्ये त्यांच्याशिवाय गाडी लावणं कठीण आहे.

डिकी लहान आहे, हे आधीच सांगून ठेवते. बॅटरी तिथेच बसवल्यामुळे साध्या मॉडेलच्या ३७३ लिटरची हिच्यात २६५ होते. दोन बॅगा आणि तांदळाचं एक पोतं, बस. आंब्याच्या पेट्या या खेपेला नेहमीच्या टेम्पोवाल्याकडेच द्या.

पैशांचं तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात आहे हे मला माहीत आहे. साध्या पेट्रोलपेक्षा ही बरीच महाग. सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी (सेस धरून) ४३ वरून ४० टक्के झाला, तरी चार मीटरपेक्षा लांब किंवा १२०० सीसीच्या वरच्या हायब्रिडला तो एवढाच राहिला, इलेक्ट्रिकला मात्र ५. पेट्रोलच्या बचतीतून हा जास्तीचा पैसा वसूल व्हायला मला बरीच वर्षं लागतील. तरी आम्ही दोघांनी मिळून हप्ता असा ठरवला की घरखर्च आणि तुम्हाला पाठवायचे पैसे यांना धक्का लागत नाही. आईच्या सोन्याच्या पाटल्या काढायचा विषय पुन्हा काढू नका.

आईच्या गुडघ्यांसाठी ठाण्यातल्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. बाबा, तुम्ही म्हणता रात्रीच्या एसटीने येऊ. आई आता रात्रभर बसून येऊ शकत नाही, आणि तुम्ही तिला सोडून पुढे बसू शकत नाही, हे दोन्ही मला दिसतं. मी शनिवारी पहाटे निघते, दुपारच्या जेवणाला चिपळूणला पोचते, आणि रविवारी आपण तिघं निघू. वडखळच्या पुढचा रस्ता अजून कुठे कुठे खराब आहे, म्हणून सावकाश येऊ, माणगावला थांबू.

आईचे जुने एक्स-रे आणि शुगरची फाइल बाहेर काढून ठेवा. कंबरेमागे घ्यायची तिची छोटी उशी विसरू नका. आणि बाबा, लायसन्स खिशात असू द्या. चिपळूणपासून संगमेश्वरच्या बाजूला मोकळ्या रस्त्यावर तुम्ही स्वतः चालवून बघा, मग बोला.

तुमची,
सुमा