मूल झालं की आईचाच पगार का अडतो?

संपादक साहेब,
बायकांना पगार कमी का असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, त्या तासच कमी भरतात. अहो पण का? २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांनी हेच दाखवलंय की श्रीमंत देशांत बराचसा फरक पहिल्या मुलानंतर पडतो, कारण रात्री-अपरात्री फोन उचलणाऱ्यालाच प्रमोशन आणि मूल तापलं की रजा मात्र आईनेच टाकायची (बापाने टाकली तर लगेच कौतुक!), मग अप्रेझलला तीच मागे, पुढे पेन्शनपण कमी. बापालाही सक्तीची रजा द्या ना, आणि पगाराचे आकडे उघड करा. आइसलँडने २०१८ मध्ये २५ किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांना समान पगाराचं सर्टिफिकेट कायद्यानेच सक्तीचं केलं, बाकीच्यांना काय अडचण आहे?
– एक वाचक