पाळणाघर : दुधाच्या बाटल्यांची तपासणी

सर्व पालकांना नमस्कार,

येत्या शनिवारी सकाळी 10 ते 12 या वेळेत सगळ्या बाळांच्या दुधाच्या बाटल्या तपासणार आहोत. घरची बाटलीही सोबत आणा. आई-बाबांना जमणार नसेल तर आजी-आजोबा आले तरी चालेल.

प्लास्टिकच्या बाटलीवर आयएसआयची खूण आणि आयएस 14625 हा क्रमांक हवा. ही खूण नसलेली बाटली विकायला 1992 च्या कायद्याने बंदी आहे, तरी दुकानात मिळते. नुसतं 'बीपीए फ्री' (बीपीए म्हणजे काही प्लास्टिकमधलं अपायकारक रसायन) छापलंय म्हणून घेऊ नका.

• तळाशी त्रिकोणात 5 असेल तर पॉलिप्रॉपिलीन, चालेल. 7 असेल तर प्लास्टिकचं नाव वाचा : पीपीएसयू चालेल, पीसी म्हणजे पॉलिकार्बोनेट नको. बीपीए त्यातूनच दुधात उतरतं.
• चरे पडलेली, पिवळट झालेली बाटली बाद. चिरलेलं निपलही.
• बाटली मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नका.

सोमवारपासून खूण नसलेली बाटली आम्ही घेणार नाही. त्या बाळाला ताई वाटी-चमच्याने पाजतील. खरं तर तेच बरं, वाटी घासायला सोपी.

बाटलीवर बाळाचं नाव घाला. सगळ्या सारख्याच दिसतात!

– पाळणाघर व्यवस्थापन