क्रमांक जुळलेला नाही, जुळवलेला आहे

प्रति,
व्यवस्थापक, विक्री विभाग

विषय : ली-एनफिल्ड नं. ४ मार्क २ रायफलचा बोल्ट दुसऱ्याच रायफलचा असल्याबाबत

महोदय,

'सर्व क्रमांक जुळतात' असे सांगून आपण ही रायफल विकलीत. रिसीव्हर (रायफलचा मुख्य सांगाडा) इंग्लंडमधल्या फॅझाकर्ली कारखान्याचा. बोल्ट (काडतुसाची जागा, म्हणजे चेंबर, मागून बंद करणारा दांडा) याच्या हँडलमागच्या सपाटीवर रिसीव्हरचाच क्रमांक आहे खरा, पण तिरप्या उजेडात धरले की त्याखाली घासलेल्या जुन्या आकड्यांचे खळगे दिसतात. बोल्ट हेडवर, म्हणजे बोल्टच्या पुढच्या सुट्या टोकावर, तर लाँग ब्रँच कारखान्याची, म्हणजे कॅनडाची खूण आहे.

चेंबर कोरडे पुसून, स्ट्रायकर (काडतुसावर आदळणारी पिन) आणि एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी ओढणारा आकडा) काढून काडतुसामागची फट मोजणारे गेज लावले. ०.०६४ इंचाच्या गेजवर बोल्ट मिटतो. तो मिटायलाच हवा. ०.०७४ वरही नुसत्या करंगळीने हँडल खाली जाते. ही ब्रिटिश लष्कराची सैल मर्यादा झाली, तिच्यावर बोल्ट मिटता कामा नये. अमेरिकी नागरी मापात फील्ड गेज, म्हणजे कमाल मर्यादेचा गेज, ०.०७० चाच असतो.

.३०३ चे काडतूस रिमवर (बुडाच्या कडेवर) टेकते. मागे फट राहिली की बार उडताना पुंगळीचा पुढचा भाग चेंबरला घट्ट धरतो, बूड मागे रेटले जाते आणि बुडाच्या जरा वर पितळ ताणले जाते. तिथे आधी चकचकीत कडे उमटते. तीच पुंगळी पुन्हा भरून वापरली तर नेमकी तिथेच तुटते आणि गरम वायू नेमबाजाच्या तोंडाकडे येतो.

आपल्या प्रतिनिधीने फोनवर 'नं. ३ चे हेड लावा' असे सांगितले. हेड ० ते ३ अशा चढत्या लांबीच्या मापांत येतात, इथे २ आहे. पण अंकावर भिस्त ठेवता येत नाही, मायक्रोमीटरनेच मोजावे लागते. शिवाय पूर्ण आवळलेले हेड बोल्टच्या रेषेपुढे २० अंशांहून जास्त फिरले तर ते बाद. आणि हेडने फट भरेल, लगचे (बोल्ट रिसीव्हरमध्ये अडवणाऱ्या दोन उंचवट्यांचे) काय? निळी शाई लावून पाहिले : उजवी लांब रिब टेकते, डावा लग कोराच राहतो. मागे येणारा सगळा जोर एकाच खांद्यावर. दोन्ही लग रिसीव्हरला बसवून घेतल्यावरच बोल्टवर क्रमांक पडत असे. तो घासून नवा मारणाऱ्याने ही खूणच खोटी केली.

पूर्ण रक्कम आणि दोन्ही वेळचा वाहतूक खर्च परत करावा. या खेपेतल्या इतर ग्राहकांना, गेज लावल्याशिवाय बार काढू नका, असे लेखी कळवावे. सुट्या बोल्टच्या जाहिरातीतले 'कुठल्याही नं. ४ ला चालेल' हे वाक्यही काढावे.

रायफलमधून एकही बार काढलेला नाही. बोल्ट वेगळा ठेवला आहे. आकड्यांचे आणि शाईचे फोटो सोबत जोडले आहेत.

कळावे,
आपला ग्राहक