बोट टोचल्यापासून इंजेक्शनपर्यंत

पणजी, १२ जुलै

प्रिय शुभा,

सत्तरीतल्या आरोग्य केंद्रात गरोदर बायकांची तपासणी आता तुझ्याकडे आली, आणि सिफिलिस या लैंगिक संसर्गाच्या झटपट तपासणी किटबद्दल तू विचारलंस. जिथे चुका होतात ते आधी सांगते.

या पावसात पहिली काळजी किटचीच. साधारण २ ते ३० अंशांत ठेव. फ्रिजमधून काढलंस तर पाकीट बंदच ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ दे. गार पट्टीला आपल्या दमट हवेत पाणी धरतं आणि रक्त नीट चढत नाही. पाकीट बाई समोर बसल्यावरच फोड.

स्पिरिट पूर्ण वाळू दे. अनामिकेच्या टोकाला, मधोमध नव्हे तर कडेला टोच. पहिला थेंब पुसून टाक, दुसरा घे. बोट पिळू नकोस, रक्त पातळ होतं. ड्रॉपरच्या खुणेपर्यंतच रक्त घे; बहुतेक किटना १० ते २० मायक्रोलिटर पुरतं. बफरचे, म्हणजे रक्त पट्टीवर पुढे नेणाऱ्या द्रवाचे, थेंब किती ते पत्रकात बघ, आणि बाटली त्याच डब्यातली हवी. दुसऱ्या किटचं बफर घातलं तर निकालावर विश्वास ठेवता येत नाही. पट्टीवर वेळ लिही. बहुतेक किट १५ ते २० मिनिटांत वाचायचे असतात. गर्दीत विसरून तासाभराने दिसलेली रेघ धरू नकोस. कंट्रोलची रेघ (पट्टी नीट चालल्याची खूण) आली नाही तर ती पट्टी बाद, नवी लाव. आणि टेस्टची रेघ कितीही पुसट असली तरी पॉझिटिव्हच समज.

या किटमध्ये दिसतात त्या अँटिबॉडीज. उपचार झाल्यावरही त्या बहुधा जन्मभर राहतात, म्हणून आजार आता चालू आहे का, हे पट्टी सांगत नाही. त्यासाठी आरपीआर या दुसऱ्या रक्तचाचणीचा टायटर, म्हणजे आकड्यातला निकाल, लागतो, आणि पुढे उपचार लागू पडला का हेही त्यावरूनच कळतं. पण शुभा, पहिलं इंजेक्शन त्या रिपोर्टसाठी थांबवू नकोस. शिरेतलं रक्त घे, डॉक्टरांना दाखव आणि त्याच बैठकीत पेनिसिलिन मिळू दे. दुपारच्या बसने गेलेली बाई परत येईलच असं नाही, आणि पोटातल्या बाळाला ते दिवस परवडत नाहीत.

औषध बेंझाथिन पेनिसिलिन, २४ लाख युनिट, स्नायूत, दोन्ही कुल्ल्यांत अर्धं अर्धं. ते दाट असतं, बारीक सुई तुंबते. २१ गेजची घे आणि सावकाश दे. लागण अलीकडची असल्याची खात्री असेल तर एक डोस, नाहीतर आठवड्याच्या अंतराने तीन. गरोदरपणात हे अंतर ९ दिवसांपुढे गेलं तर पुन्हा पहिल्यापासून. चवथीला माहेरी जाणारी, किंवा बाळंतपणाला दोडामार्गला निघालेली बाई इथेच सुटते. कार्डावर तिन्ही तारखा ठळक लिही आणि तिथल्या केंद्राला फोन कर. शेवटचा डोस बाळंतपणाआधी निदान ३० दिवस व्हायला हवा.

इंजेक्शनची जोराची रिअॅक्शन आली तर म्हणून अॅड्रेनालिन हाताशी असू दे. पहिल्या दिवशी ताप आला, पोट कळा देऊ लागलं तर लगेच यायला सांग. पेनिसिलिनची अॅलर्जी असेल तरी गरोदरपणात डॉक्सीसायक्लिन चालत नाही, आणि एरिथ्रोमायसिन, अॅझिथ्रोमायसिन बाळापर्यंत पुरेसं पोचत नाही. तिला बांबोळीच्या मेडिकल कॉलेजला पाठव, तिथे डिसेन्सिटायझेशन करून, म्हणजे थोड्या थोड्या मात्रेने शरीराला सवय लावून, पेनिसिलिनच देतील.

निकाल सासूसमोर सांगू नकोस. तिला एकटीला आत घे, नवऱ्याला तपासणी-उपचारासाठी कसं बोलवायचं ते तिच्याशीच ठरव. निगेटिव्ह आलेल्यांपैकी जिथे धोका वाटतो, तिची २८ ते ३२ आठवड्यांत पुन्हा तपासणी कर. अगदी नव्या लागणीत पट्टी कोरी राहू शकते.

बाळाच्या पट्टीवर मात्र विसंबू नकोस, आईच्या अँटिबॉडीज त्याच्यात उतरतात. बाळाचा आणि आईचा आरपीआर एकाच वेळी करून टायटर ताडून बघतात, आणि रक्त नाळेतलं नको, बाळाच्या शिरेतलं.

तुझी,
मालती